त्याला माझं सगळं पाठ आहे

३ फेब्रुवारी

आज लिफ्टमध्ये अडकले. हातात ट्रे, ट्रेमध्ये मेणात बसवलेल्या कवळ्या, आणि मी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधोमध. उकाडा इतका की मला माझ्यापेक्षा मेणाची काळजी. मेण मऊ पडलं की दात हलतात, मग म्हाताऱ्यांच्या शिव्या डॉक्टरला आणि डॉक्टरच्या मला.

शेवटी लिफ्टवाला आला. वरच्या फटीतून त्याचे नुसते बूट दिसत होते. बूट बोलायला लागले, "नाव काय तुमचं? सकाळी काय खाल्लंत? भावंडं किती?" मी म्हटलं, अहो लिफ्ट दुरुस्त करा, माझी मुलाखत कसली घेताय. तर म्हणे, "कंपनीत शिकवतात मॅडम. अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, म्हणजे घाबरत नाही." मी घाबरले नव्हतेच, वैतागले होते. पण सांगितलं सगळं. टोस्ट खाल्ला, तोही जळका. एक भाऊ, परगावी. लग्न नाही. वडील आहेत, त्यांच्याबरोबर राहते.

वर आमच्या दातांच्या लॅबमध्ये आले तर पॉलिशवाली वाटच बघत होती. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, दिवसभर कवळ्या घासून चकाचक करते, स्वतःच्या जिभेला मात्र कधी पॉलिश केलेलं नाही. म्हणाली, "काय गं, गुदमरलीस की लाजलीस?"

२१ फेब्रुवारी

लिफ्टवाला परत आला, तपासणीला म्हणे. लिफ्ट ठणठणीत आहे. जाताना आमच्या दारात थांबला आणि विचारलं, "आज टोस्ट जळला का?"

लक्षात ठेवलं त्याने. आमच्या घरात मी काय खाल्लं, खाल्लं की नाही, हे कुणाच्या गावी नसतं. बाबांना त्यांच्या डोळ्यांतल्या थेंबांची वेळ तेवढी ठाऊक. संध्याकाळी दादाचा फोन आला. मुलाच्या दाताची कॅप लवकर करून दे, डॉक्टरशी तू बोल. हो म्हटलं. फोन ठेवल्यावर जाणवलं की 'कशी आहेस' विचारायचं राहूनच गेलं त्याचं. असू दे. गडबडीत असेल.

९ एप्रिल

आज मी भलतंच करून बसले.

लिफ्टवाल्याबरोबर चहाला आता रोजच जाते. माणूस शांत. बोली आपलीच, पासपोर्ट दुसऱ्या देशाचा. इथं राहायचा परवाना कंपनीच्या नावावर आहे आणि कंपनी या वर्षी तो वाढवून देणार नाही. हे त्याने चहा ढवळता ढवळता सांगितलं, पाऊस येईल म्हणावं तसं. काही मागितलं नाही. मीच म्हटलं, "मग लग्न करूया की."

कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "तू विचार केलायस?"

विचार डोंबलाचा. तोंडातून निघून गेलं होतं. पण मी काही दूधखुळी नाही. सरळ विचारलं, "तुला मी हवी आहे की नुसता परवाना? आत्ताच सांग, वाईट वाटून घेणार नाही."

तो म्हणाला, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, मला वाटतं मी हवी आहे. तर हसला. किती छान हसला. नको असते तर असा हसला असता का?

६ मे

लग्न झालं. नोंदणी कचेरीत गुळगुळीत टेबल, पलीकडे सर्दी झालेला कारकून. साक्षीला पॉलिशवाली आणि दादा. दादा उशिरा आला आणि सही करून लगेच निघाला. निघताना कॅपसाठी थँक्यू म्हणाला. बाबांनी जावयाला पहिला प्रश्न विचारला, "टीव्हीचा आवाज मधेच जातो, बघता येईल का?" याने उभ्या उभ्या बघून दिला. बाबा खूश. पॉलिशवाली फोटोत कुणाचा तरी दात काढायला आल्यासारखी उभी आहे.

२८ मे

सध्या आमच्या घरी रोज संध्याकाळी खेळ असतो. झालंय असं की इमिग्रेशनवाले नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवतात आणि दोघांना तेच तेच विचारतात. लग्न खरं की परवान्यापुरतं, ते उत्तरं जुळतात का यावरून ठरवतात. पास झालो तर दोन वर्षांचा तात्पुरता परवाना. दोन वर्षांनी पुन्हा असाच कार्यक्रम, तेव्हा बायकोची सही असेल तरच कायमचा.

म्हणून जेवण झालं की हा विचारतो आणि मी सांगते. कुठल्या कुशीवर झोपतेस? लहानपणी कशाला भ्यायचीस? आई गेली तेव्हा तू काय करत होतीस? (कवळी घासत होते. फोन आला तरी हातातली पूर्ण केली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.) कुठली भाजी ताटात आली की तोंड वाकडं होतं? वहिनीचं काय खटकतं? वहिनीच्या प्रश्नाला मी इतका वेळ बोलले की बाबा टीव्हीचा आवाज बंद करून ऐकायला लागले.

तो ऐकतो कसा, हे लिहून ठेवलं पाहिजे. हातातलं सगळं बाजूला ठेवून, डोळ्यांत बघून. आणि दुसऱ्या दिवशी परत विचारून पक्कं करतो. एकोणचाळीस वर्षांची घोडी मी, आणि संध्याकाळची वाट बघते शाळकरी पोरीसारखी. आज कामावर दोनदा साचा उलटा धरला.

त्याचंही मी विचारते. तो सांगतो, थोडक्यात. आई आहे, भाऊ आहे, तिखट चालतं, कुठल्याही कुशीवर झोप लागते. पुरुषांना स्वतःबद्दल बोलायला जड जातं.

१७ जून

झालो पास. जीव भांड्यात पडला.

त्याला म्हणे सगळं येत होतं. मीच अडखळले. साहेबांनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याला आयुष्यात पुढे काय करायचंय?" आणि माझी दातखीळ बसली. लिफ्ट, म्हटलं. साहेब हसले. बाहेर आल्यावर त्याला सांगितलं तर तोही हसला. मग मी विचारलं, खरंच, काय करायचंय रे तुला? तो म्हणाला, "आधी जेवूया."

३० जून

आज संध्याकाळी भांडी आवरून मी खुर्ची ओढून बसले. तो बाबांबरोबर पत्ते खेळत होता. मी म्हटलं, आज काही विचारायचं नाही का? तो म्हणाला, "झाली ना परीक्षा."

बरोबरच आहे. परीक्षा झाली.

१२ ऑगस्ट

संसार नीट चाललाय. तक्रारीला जागा नाही. बाबांचे थेंब आता तोच घालतो. बाथरूमचा नळ, खिडकीची कडी, दाराची कुरकुर, सगळं दुरुस्त. दुरुस्त करायला घरात काही उरलेलंच नाही.

बोलणं कमी झालंय एवढंच. कामावरून आल्यावर तो विचारतो, "काही आणायचंय का?" मी नाही म्हणते.

५ ऑक्टोबर

पॉलिशवालीशी भांडण.

एका डॉक्टरकडून निरोप होता की अमक्या आजोबांना कवळी फार छान बसली, काही त्रास नाही. मी म्हटलं, अरे वा. पॉलिशवाली म्हणाली, "वा कसलं. ती ड्रॉवरमध्ये गेली." हे आम्ही दोघी जाणतो. ज्याला कवळी वापरायचीच असते तो आठ-दहा दिवसांत दारात हजर: इथं टोचतं, तिथं हलते, बोलताना शिट्टी वाजते. तक्रारी करकरून तो ती आपली करून घेतो. पहिल्याच दिवशी 'छान' म्हणणारा ती घालत नाही.

मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "तुझा नवरा तुझ्यावर कधी चिडतो का गं?"

मी म्हटलं, नाही, कधीच नाही.

ती घासत राहिली. माझं टाळकं सटकलं. माणसाच्या आणि कवळीच्या गोष्टी एकात घालू नकोस, तुझा नवरा ओरडतो म्हणून माझाही ओरडायला पाहिजे का, वाटेल ते बोलले. ती म्हणाली, "बरं बाई, चुकलं माझं." उद्या तिच्यासाठी काहीतरी गोड नेईन.

२३ जानेवारी

बाबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड. तीन रात्री याने दवाखान्यात काढल्या, खुर्चीत बसून. मी म्हटलं, घरी जा, मी थांबते, तर ऐकेना. दादा एका दुपारी येऊन गेला आणि डॉक्टरांना माझ्या कामाबद्दल सांगून आला: आमच्या हिच्याकडून कवळ्या करून घ्या.

आज सकाळी मी जिन्यावर उभं राहून रडले. बाबांसाठी नाही. इतका चांगला माणूस मिळाला आणि मी मनात शंकाकुशंका घेऊन फिरते, याची लाज वाटली म्हणून.

११ एप्रिल

सव्वा वर्ष या वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणावं, की होतं म्हणून उघडली नाही म्हणावं, देव जाणे. बाबा काठी घेऊन चालतात. आम्ही दोघं एका घरात राहतो, भांडत नाही. रविवारी तो बाहेर जातो, कुठे ते मी विचारत नाही. विचारलं तर सांगेल असं वाटतं, आणि तेच नको वाटतं.

पण आज लिहायला बसले कारण आज गंमत झाली. जेवताना त्याने अचानक विचारलं, "हल्ली तुला झोप कशी लागते?"

मी घास हातात धरून बघत राहिले. म्हटलं, बरी लागते. तो म्हणाला, "अजून डाव्याच कुशीवर?"

अजून डाव्याच. मग कामाचं विचारलं. नवीन यंत्र कसं आहे, पॉलिशवालीचं गुडघ्याचं दुखणं काय म्हणतंय, वहिनीशी परत वाजलं का. आम्ही कितीतरी वेळ बोलत होतो. बाबा झोपायला गेले तेही कळलं नाही.

माणसं मधे थोडी लांब जातात आणि परत येतात. असंच असतं संसाराचं. मी उगाच स्वतःला कुरतडत होते.

१५ एप्रिल

रोज बोलतोय. आज तो मला घ्यायला कामावर आला. पॉलिशवालीला मुद्दाम खिडकीपाशी नेऊन दाखवला. ती म्हणाली, "चांगलंय." एवढंच. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो. मत्सर वाटला असेल, बिचारीला गुडघ्यामुळे कोण फिरायला नेणार.

१९ एप्रिल

पॉलिशवालीने आज विचारलं, "दोन वर्षं होत आली ना? तुमची दुसरी तारीख आली का?"

मी म्हटलं, अजून नाही.

संध्याकाळी त्याला विचारलं, अगदी सहज, चहा गाळताना. तो म्हणाला, "आली की. गेल्या आठवड्यात सोमवारीच कळवलंय त्यांनी. सांगायचं राहिलं."

त्या सोमवारी दहा तारीख होती. अकराला त्याने मला विचारलं झोप कशी लागते.

चहा गाळला. दोघांना दिला. बाबांनी बिस्किट मागितलं, तेही दिलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबला.

२२ एप्रिल

मूर्ख मी. ठार मूर्ख. सगळ्यांना दिसत होतं. त्या सर्दीवाल्या कारकुनालाही दिसलं असेल.

परवा रात्री त्याच्यासमोर बसले. म्हटलं, आज मी विचारणार. कायमचा परवाना मिळाल्यावर तू काय करणार आहेस?

"तू काय ठरवलंयस?"

मी म्हटलं, तसं नाही चालणार. मी तुला विचारतेय.

तो म्हणाला, "भावाला इथं आणायचंय. आम्ही दोघं मिळून जागा घेऊ. तुझा त्रास वाचेल."

माझा त्रास. मी म्हटलं, आणि मी? लग्न केलंस तेव्हा मी काय होते?

तो म्हणाला, "मी तुझ्याशी कधी खोटं बोललोय का? एक तरी सांग."

शोधतेय तेव्हापासून. कामावर शोधलं, भाजी चिरताना शोधलं. नाही सापडत. त्याने कधी म्हटलंच नाही की मी आवडते. मी विचारलं, त्याने मला विचारलं, आणि माझंच उत्तर मी त्याच्या तोंडचं समजून घरी घेऊन आले. एखादं धडधडीत खोटं सापडलं असतं तर फेकून मारलं असतं. हा माणूस मला फसवून गेला आणि त्याचे हात स्वच्छ.

पण सगळ्यात वाईट ते नाही. दवाखान्यातल्या त्या तीन रात्री, त्यांचं काय करू? त्या कशात धरायच्या? बाबांच्या डोळ्यांत थेंब घालताना तो त्यांचं डोकं हलकेच मागे धरायचा, ते परीक्षेत कोण विचारणार होतं? ठरवताच येत नाही. मागचं सगळं हातात घेऊन बघते आणि एकही गोष्ट ओळखीची वाटत नाही.

३० एप्रिल

पॉलिशवालीला सांगितलं. म्हटलं, बोल आता, तुझं खरं झालं. तिने माझ्या टेबलावरच्या दोन कवळ्या स्वतःकडे ओढून घेतल्या आणि माझं काम करत बसली. मग म्हणाली, "सही करू नकोस. जाऊ दे त्याला जिथून आला तिथं."

दादाला फोन केला. तो म्हणाला, "आता एवढं निभावलंयस तर सही करून टाक, उगाच तमाशा नको. आणि बाबांचं कोण बघेल? मला तर जमणार नाही."

बाबांना काही सांगितलेलं नाही.

७ मे

उद्या तारीख. ठरलं माझं. सही करणार. त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे आणि दादा म्हणतो म्हणूनही नव्हे. बाबा बाथरूमात पडले तेव्हा दार तोडून त्यांना याने उचललं होतं, कारण काही का असेना. घे म्हणावं परवाना आणि सुखी रहा. मला सुडाबिडाची हौस नाही. उद्या संपेल आणि परवापासून मी माझी मोकळी.

८ मे

घरी आले. कपडे वाळत घातले. बाबांना भात दिला, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले; एक गालावरच पडला, त्यांनी नाक मुरडलं आणि विचारलं, "तो कुठाय?" म्हटलं, उद्या येईल सामान न्यायला. "कशाला?" म्हटलं, जातोय तो. मग सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग माझं कोण करणार?" मी म्हटलं, मी आहे ना. ते म्हणाले, "हो, तू आहेसच म्हणा," आणि टीव्ही लावला.

आता लिहिते, टाळून भागणार नाही.

त्याला आधी आत घेतलं. मग मला. या वेळी बाई होत्या, पोक्त, केस पांढरे. चांगल्या बाई. म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांची उत्तरं ऐकून बरं वाटलं हो, मी इतकी वर्षं हे काम करते, बायकोबद्दल एवढं माहीत असलेला नवरा बघितला नाही. माझ्या स्वतःच्या नवऱ्याला माझ्या चपलेचा नंबर ठाऊक नाही, म्हणाल्या. मी हसले. सहीची जागा त्यांनी बोटाने दाखवली. मी पेन घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "एक उत्तर तर मला फारच आवडलं. नेमून दिलेला प्रश्न नव्हता तो, मी आपला सहज विचारला, बायकोला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. आम्हाला बहुतेक पाल, झुरळ असलं ऐकायला मिळतं. हे म्हणाले, तिला भीती वाटते की माणसं तिच्याकडे कामापुरतीच येतात. काम झालं की तिला कुणी विचारत नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असं उत्तर खोटा नवरा देत नाही."

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. या वहीतसुद्धा मी हे लिहिलेलं नाही, कारण मलाच ते आजपर्यंत धड ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं. केव्हापासून कोण जाणे. त्याने ते बघितलं, ओळखलं, नीट लक्षात ठेवलं आणि नेमकं तेच माझ्याशी केलं. आणि आज तेच कामाला लावलं.

पेन खाली ठेवलं. म्हटलं, मी सही करणार नाही.

बाई गोंधळल्या. "म्हणजे? तुमचं लग्न खरं नाही का?"

म्हटलं, "माझं खरं होतं. लिहून घ्या तसं. मी मनापासून केलं होतं."

"आणि त्यांचं?"

"त्यांना माझं सगळं पाठ आहे," म्हटलं. "मला त्यांचं काहीच येत नाही. विचारून बघा मला काहीही."

त्यांनी विचारलं नाही. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

तो बाहेर बाकावर बसला होता. भांग पाडून, मी इस्त्री केलेला शर्ट घालून. मला बघून उठला. "झालं?"

"झालं. सही नाही केली मी."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा असा उतरला की मला वाटलं हा आता पडतो. आवाज चढवला नाही. भिंतीला हात टेकून म्हणाला, "काल रात्रीपर्यंत तू काही बोलली नाहीस. सकाळी शर्ट इस्त्री करून दिलास. निदान आधी सांगायचंस. असं फसवतं का कुणी?"

मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. तो खरंच विचारत होता. ओठ कापत होते, डोळे भरले होते, सगळं तोंडावर उघडं पडलेलं, काही झाकलेलं नाही, काही राखून ठेवलेलं नाही. दोन वर्षं मी त्याला असा बघायची वाट पाहिली. क्षणभर त्याच्या गालाला हात लावावासा वाटला. लावला नाही. जिना उतरून बसस्टॉपवर आले आणि बस येईपर्यंत उभी राहिले.